शिडांखालचा संसार

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की काही मिनिटांतच दिवाडी बेट लागते. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना या बेटाचे नाव ठाऊक असेल. भातशेती, खाजणे, काठाकाठाने दाटलेली खारफुटी आणि वर टेकडीवरचे चर्च, असे हे एरवी अगदी निवांत बेट. याच बेटावर श्री. रत्नाकर दांडेकर यांची नौकाबांधणीची कार्यशाळा आहे. आणि २००९ पासून आपल्या नौदलाच्या दर्यावर्दींनी शिडाच्या नौकेतून ज्या पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, त्यांतील नौका येथेच, देवदारी लाकडाच्या पट्ट्या आणि राळ यांच्या उग्र वासात जन्मास आल्या. आमचा अनुभव असा की, ही गोष्ट पणजी-म्हापशाच्या घरांतूनही फार थोड्यांना माहीत असते; मग इंदूर, बडोदे वा हैदराबादच्या वाचकांस ती ठाऊक नसल्यास नवल ते काय!

पराक्रमाच्या वार्ता वर्तमानपत्रांतून येतात आणि जातात. आम्हांस कुतूहल होते ते जरा निराळ्या गोष्टीचे. छप्पन्न फूट लांबीची नौका म्हणजे, शेंडीपासून बुंध्यापर्यंत मोजली, तर आपल्याकडच्या एखाद्या चाळीतील तीन-चार खोल्यांची ओळ. तीत सहा माणसे आठ महिने राहतात कशी? स्वयंपाक कसा करतात, झोपतात केव्हा, आणि मुळात हे सारे शिकतात कोठे? घर चालविणाऱ्या माणसाला पडणारे हे प्रश्न आहेत, आणि हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठीच आहे.

प्रथम थोडा इतिहास. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांची. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविलेले हे मराठी दर्यावर्दी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर, माळरानाच्या गावात बसून त्यांनी ही कल्पना वर्षानुवर्षे जपली. २००६ मध्ये नौदलाने ती उचलून धरली तेव्हा पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. ते नौदलातील पाणबुड्या अधिकारी होते. त्यांच्याजवळ तेव्हा नौका नव्हती, आणि एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव तर त्याकाळी देशात कोणाजवळच नव्हता.

शिकायचे म्हटले तर गुरू हवा. तो भेटला इंग्लंडात. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे जून १९६८ मध्ये फाल्मथ बंदरातून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते जगातील पहिले. त्यांची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी नौका मात्र बांधली गेली होती मुंबईत, आपल्याकडच्या सुतारांच्या हातून. म्हणजे जगातील पहिल्या अखंड एकट्या प्रदक्षिणेचे लाकूड आणि रंधा आपलाच. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून का शिकविली जात नाही, हे आम्हांस कधीच उमगले नाही. दोंदे यांनी याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ, त्यांची दुसरी एक नौका शर्यतीसाठी सज्ज करताना, हाताखाली राबून विद्या घेतली. नौकेवर विद्या अशीच मिळते. दोर ओढता ओढता, शिडे शिवता शिवता आणि यंत्रघरातील तेल पुसता पुसता.

इकडे दिवाडीत नौका आकार घेत होती. आराखडा हॉलंडमधील व्हॅन डी स्टाट या संस्थेचा, पण बांधणी सर्वस्वी आपली. इतकी मोठी समुद्रगामी शिडाची नौका दांडेकरांच्या कार्यशाळेने यापूर्वी बांधलेली नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाकडे आली आणि मांडवीचेच मूळ नाव तिला लाभले : म्हादई. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन अशी चारच बंदरे घेऊन दोंदे मे २०१० मध्ये मुंबईस परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादईतून, १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात, एकाही बंदरास न लागता ती पुरी केली.

पृथ्वीप्रदक्षिणेचेही नियम आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. ज्या बंदरातून निघायचे तेथेच परतायचे. सर्व रेखांश ओलांडायचे. विषुववृत्त निदान दोनदा ओलांडायचे. सुवेझ वा पनामा यांसारख्या कालव्यातून वाट काढायची नाही. आणि अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी भरता कामा नये. हा आकडा कोठून आला, असे मुले विचारतील. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरील एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. वर्तुळाचे अंश ३६०. त्यांस ६० ने गुणले की २१,६०० येतात. पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यास हे गणित घालून पाहावे.

आता शिकण्याविषयी. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने शिडाची नौका जाते, एवढे कोणासही समजते. समजत नाही ते हे की, ती वाऱ्याच्या विरुद्धही जाऊ शकते. अगदी तोंडावर नव्हे. परंतु वाऱ्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन करून ती पुढे सरकते, मग बाजू पालटते, पुन्हा तसाच तिरका पल्ला घेते, आणि घाट चढणाऱ्या रस्त्याप्रमाणे नागमोडी वळणांनी वाऱ्याच्या उगमाकडे पोहोचते. याचे रहस्य शिडात निम्मे आणि पाण्याखाली निम्मे आहे. नौकेच्या तळाशी कील नावाची जड, उभी पात असते. वारा शिडावर दाब देऊन नौकेस आडवे ढकलू पाहतो; पाणी त्या पातीस आडवे सरकू देत नाही. लिंबाची ओली बी दोन बोटांच्या चिमटीत दाबली की ती जशी पुढे सटकते, तशी वारा आणि पाणी यांच्या चिमटीतून नौका पुढे सटकते. शिवाय तीच जड पात वादळात आडव्या झालेल्या नौकेस पुन्हा उभी करते.

हे पुस्तकात वाचून पाच मिनिटांत कळते. अंगात भिनावयास मात्र वर्षे लागतात. म्हणूनच शिकवणारे आरंभी मोठ्या नौकेवर पाऊल ठेवू देत नाहीत. मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची नौका असते : जेमतेम २.३ मीटर लांब, आंघोळीच्या टबासारखी चौकोनी तोंडाची, एकच शीड, एकच मूल. पंधरा वर्षांपर्यंतची मुले तिच्यावर स्पर्धा खेळतात. पहिल्या दिवसांतील एक धडा म्हणजे मुद्दाम नौका उलटवणे आणि पाण्यात राहून ती पुन्हा सरळ करणे. काठावर उभ्या असलेल्या आईबापांस हा धडा मुलापेक्षा जड जातो. पण एकदा उलटून सावरता आले की, पाण्याची अर्धी भीती तेथेच बुडते. पुढे मूल गालांवरून वारा ओळखू लागते, पाण्यावर दूर काळसर लहरी धावताना दिसल्या की झोत येत आहे हे जाणते, आणि शिडाचा आडवा वासा अचानक दुसऱ्या अंगास फिरतो तेव्हा डोके वेळीच खाली घालते. हे शेवटचे शिक्षण बहुधा एका टेंगळात पुरे होते.

गोव्याचा किनारा यासाठी उत्तम शाळा आहे. पावसाळा सरून समुद्र शांत झाला की, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, वाऱ्याची एक ठरीव दिनचर्या असते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. सूर्य वर चढून जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि सायंकाळपर्यंत जोर धरतात. कोकणचे कोळी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या याच घड्याळावर जगत आले : रात्रीच्या उत्तरार्धात मतलईवर बाहेर पडायचे, दुपारी खाऱ्यावर परतायचे. दोनापावला येथे सायंकाळी लहान शिडांची जी रांग दिसते, ती त्याच खाऱ्या वाऱ्याची विद्यार्थिनी होय.

मांडवीच्या मुखाशी, वेरेच्या बाजूस, नौदलाचा 'मांडवी' तळ आहे. महासागरी शिडनौकानयनाचे नौदलाचे केंद्र तेथेच आहे. येथून १० सप्टेंबर २०१७ रोजी 'तारिणी' ही म्हादईची धाकटी बहीण निघाली, आणि तिच्यावर सहाच्या सहा स्त्री अधिकारी होत्या : वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापती, एस. विजयादेवी आणि पायल गुप्ता. यांतील कप्तान वर्तिका जोशी या हिमालयाच्या पायथ्याच्या हृषीकेशच्या. कोणी डोंगरातून आलेली, कोणी मैदानातून. पिढीजात दर्यावर्दी घराण्याचा वारसा घेऊन या मोहिमेवर आलेले असे यांत कोणी नव्हते. त्यांना घडविले ते दोंदे यांनीच. आधी म्हादईवर, मग तारिणीवर, विशाखापट्टण आणि मॉरिशसपर्यंतच्या फेऱ्या घालून. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, त्या गोव्यास परतल्या.

आणि आता संसाराकडे वळू.

नौकेचे स्वयंपाकघर म्हणजे एक हात पसरला की संपणारी जागा. शेगडी दोन खिळ्यांवर पाळण्यासारखी टांगलेली असते. नौका कितीही कलली तरी भांडे सपाट राहते. तरीही उकळते पाणी अंगावर येण्याची धास्ती असतेच; म्हणून जाणते लोक लाटांच्या दिवसांत स्वयंपाक करताना पावसाळी जाड पायघोळ घालूनच उभे राहतात, आणि कमरेस पट्टा बांधून स्वतःला ओट्याशी अडकवून घेतात. कढई, तळण यांचे नाव नको. कुकर मात्र सर्वांचा लाडका; झाकण घट्ट बसते, सांडत नाही, गॅस वाचतो. खिचडी हे अन्न जणू नौकेसाठीच निर्माण झाले असावे, असे आमचे मत झाले आहे.

सामान भरण्याचे शास्त्र तर आपल्या आजीबाईंनी वाखाणावे असे. पुठ्ठ्याचे एकही खोके नौकेवर येऊ द्यायचे नाही, कारण त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा झुरळ आले की ते सहप्रवासी ठरते. डब्यांवरची कागदी वेष्टने ओलीने सुटतात. म्हणून प्रत्येक डब्यावर पक्क्या रंगाने नाव लिहायचे, नाहीतर रात्री पाळीवरून उतरलेल्या भुकेल्या माणसाच्या नशिबी वाटाण्याऐवजी अननस यायचा. कांदे-बटाटे जाळीच्या पिशव्यांतून टांगायचे म्हणजे वारा लागतो व कुजत नाहीत. अंड्यांना तेल वा व्हॅसलीन चोळून ठेवले आणि अधूनमधून उलटत राहिले तर ती शीतकपाटावाचून कित्येक आठवडे टिकतात. हिरवी भाजी पहिल्या पंधरवड्यात संपते. मग मूग-मटकीला मोड आणणे हाच मळा. लोणच्याच्या बरणीचे महत्त्व दोन महिन्यांनंतर किती वाढते, हे वेगळे सांगायला नको.

पाण्याची गोष्ट अधिक कठीण. चहूकडे पाणी, आणि पिण्यास थेंब मोजून. खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र अलीकडच्या नौकांवर असते. परंतु यंत्र म्हटले की ते बिघडणार हे धरूनच चालायचे. म्हणून टाकीतील गोडे पाणी पिण्यास आणि स्वयंपाकासच. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी चमचाभर गोड्या पाण्याचा हात फिरवायचा. आंघोळही खाऱ्या पाण्याची. त्यात नेहमीचा साबण फेसाळत नाही, भांड्यांचा द्रवसाबण वा शाम्पू फेसाळतो, म्हणून तोच अंगास लावायचा. पाऊस आला की शिडाच्या तळाशी बादल्या लावण्याची एकच धांदल उडते. तो दिवस सणाचा. आणि कपडे? एकदा समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा खऱ्या अर्थाने कधीच वाळत नाही. त्यातील मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि तो कायम दमट, चिकट राहतो. आपल्याकडे श्रावणात दोरीवर आठ दिवस न वाळणारे कपडे आठवा, आणि तसेच कपडे अंगावर घालून महिनेच्या महिने काढण्याची कल्पना करा.

झोप हा त्याहून नाजूक विषय. सहाजणींच्या नौकेवर पाळ्या असतात. काही तास सुकाणूवर, काही तास बिछान्यात. बिछाना कसला, भिंतीला लागून अरुंद फळी. आणि कललेल्या नौकेतून झोपेत खाली गडगडू नये म्हणून कडेला कापडाचा झोळीवजा आडोसा बांधलेला. एकटा असेल तर पाळी बदलणारे कोणीच नाही. नौकेच्या मागे वाऱ्यावर चालणारे एक पाते बसविलेले असते. ते वाऱ्याशी ठरलेला कोन राखून सुकाणू आपोआप फिरवते. त्याच्या भरवशावर एकटा दर्यावर्दी थोडा थोडा वेळ डुलकी घेतो, उठतो, क्षितिजावर जहाजाचा दिवा तर नाही ना हे पाहतो, आणि पुन्हा पडतो. तान्ह्या मुलाच्या आईला हे वेळापत्रक फारसे परके वाटणार नाही.

चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे पश्चिमेचे वारे अखंड वाहतात, कारण त्यांना अडवायला तेथे भूखंडच नाही. केप हॉर्नकडे जाणारा मार्ग याच पट्ट्यातून जातो. तारिणीने या सफरीत ६० नॉटपर्यंतचे, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाचे वारे आणि सात मीटरांच्या लाटा पाहिल्या. अशा वेळी शिडे जवळजवळ सगळी उतरवून, लहानसे वादळी शीड तेवढे ठेवतात. डेकवर जाणारा प्रत्येक जण छातीच्या पट्ट्याने नौकेशी बांधलेला असतो. बोटे गारठून दोराची गाठ सुटत नाही. परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात तारिणीचे सुकाणू बिघडले आणि त्यांना ठरलेल्या बेताबाहेर मॉरिशसला थांबावे लागले. वर्तमानपत्रांत याला एक ओळ मिळाली. सुकाणू बिघडल्यापासून बंदर लागेपर्यंतच्या दिवसांना मात्र एका ओळीत बसविता येत नाही.

मध्यंतरी फोंड्याच्या एका परिचित घरी हा विषय निघाला होता. त्यांची मुलगी नौदलात अधिकारी आहे. शिडाच्या नौकेवरील प्रशिक्षणासाठी नाव द्यावे असे तिच्या मनात आले आणि ती सुट्टीत घरी विचारायला आली. वडील बराच वेळ गप्प बसून राहिले. आईने जेवणाखाण्याचे, आजारपणाचे, सोबत कोण असणार याचे प्रश्न एकामागून एक विचारले. त्यांतील बरेचसे या लेखात उतरले आहेत. आजी मात्र शेवटी बोलल्या. "माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळी समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावे लागे," त्या म्हणाल्या. "आता ओलांडून परत आली तर मिरवणूक काढतात. पण मधले आठ महिने आईने काय करायचे, हे तेव्हाही कोणी सांगत नव्हते आणि आताही सांगत नाही."

आम्हांस हे बोलणे टाळून पुढे जाता येत नाही. धोका खरा आहे, आणि तो सुवर्णाक्षरांनी झाकण्यात अर्थ नाही. २०१८ साली अभिलाष टॉमी 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. या शर्यतीत १९६८ च्या काळी होती तीच साधने वापरायची. उपग्रहाकडून दिशा विचारायची नाही, सूर्य-तारे मोजून आपली जागा काढायची. त्यांची 'थुरिया' ही नौका सुहेलीच्याच धर्तीवर, गोव्यात, दांडेकरांकडे बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीचा कणा जबर दुखावला. ते बिछान्यातून उठू शकत नव्हते. तीन दिवसांनी, २४ तारखेस, 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. ऑस्ट्रेलियाची विमाने, आपल्या नौदलाचे विमान आणि युद्धनौका, एवढा सगळा पसारा एका माणसासाठी त्या ओसाड समुद्राकडे धावला होता. एका बाजूने पाहिले तर ही भयकथा आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर समुद्रावरचा जुना धर्म अजून जिवंत असल्याचा तो पुरावा आहे : संकटातील माणूस कोणत्या देशाचा, हे तेथे विचारले जात नाही.

पुढील भाग वाचकांस ठाऊक असो वा नसो, सांगितलाच पाहिजे. पाठीच्या कण्यात धातूच्या पट्ट्या बसवून घेतलेला हा माणूस पुन्हा चालावयास शिकला, आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेस, सप्टेंबर २०२२ मध्ये, पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. २९ एप्रिल २०२३ रोजी तो दुसरा आला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर. पृथ्वीप्रदक्षिणेची एकट्याची शर्यत जिंकणारी जगातील ती पहिली स्त्री. आणि वाटेत नौका बुडालेल्या एका फिनिश प्रतिस्पर्ध्यास समुद्रातून उचलण्यासाठी तिने आपला मार्ग सोडला होता. ही हकीकत आम्ही फोंड्याच्या त्या आजींना सांगितली. त्यांनी विचारले, "तिची आई आहे का?" आमचे उत्तर त्यांना ऐकायचे नव्हतेच, त्या उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या.

एवढे मात्र खरे की, आजच्या मोहिमांत घर आणि नौका यांमधला दोर पूर्वीसारखा तुटत नाही. दोंदे यांच्या सफरीपासूनच उपग्रह दूरध्वनी आणि पत्रव्यवहार नौकेवर आला; नौका कोठे आहे हे किनाऱ्यावरून रोज पाहता येते. २ ऑक्टोबर २०२४ रोजी तारिणी पुन्हा गोव्याहून निघाली, आणि या खेपेस तिच्यावर दोघीच होत्या : कोळिकोडच्या दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या रूपा ए. दोघींची नौका एकटीच्या नौकेहून फारशी निराळी नसते. एक सुकाणूवर असली की दुसरी झोपलेली, आणि गाठ पडायची ती पाळी बदलताना चहाच्या पेल्यापाशी. प्रशांत महासागरात त्या पॉइंट निमोजवळून गेल्या. कोणत्याही दिशेने गेले तरी जवळची जमीन तेथून सुमारे २,६८८ किलोमीटर दूर असते. २९ मे २०२५ रोजी त्या मुरगाव बंदरात परतल्या, तेव्हा गोव्यात पाऊस सुरू झालेला होता.

फोंड्याच्या मुलीने नाव दिले आहे. अर्जाचा कागद वडिलांनीच टपालात टाकला, असे आईंनी कळविले. निवड व्हायची आहे.

आमचे जे वाचक समुद्रापासून दूर राहतात, त्यांनी हा विषय आपला नव्हे असे मानू नये. मराठी दर्यावर्दीपणाचा धागा वाटतो त्याहून दूर गेलेला आहे. कान्होजींच्या आंग्रे घराण्याचे वारस ग्वाल्हेरीस सरदार म्हणून राहिले, हे तेथील मंडळी जाणतातच. पण इतिहासाचे सोडा. शिडास खारे पाणी लागत नाही, वारा लागतो, आणि तो तलावावरही असतो. उलट तलावावरचा वारा झाडे-इमारतींमुळे सारखा दिशा बदलतो, त्यामुळे तेथे शिकलेला नाविक अधिक सावध होतो, असे जाणकार सांगतात. हैदराबादच्या हुसेनसागरात, जेथे आपण रविवारी मुलांना वारा खायला नेतो, तेथे दरवर्षी देशभरातून शिडनौकांची स्पर्धक मंडळी जमतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडनौकानयनाची शाळा आहे. देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी, नेहा ठाकूर, या शाळेत शिकली आणि वयाच्या सतराव्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, चीनमधील हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत मुलींच्या डिंगी गटात तिने रौप्यपदक मिळविले. देवास ते समुद्र हे अंतर इंदूरकरांनी नकाशावर मोजून पाहावे.

नौकेत कायमचे घर करून राहण्याची हौस असणाऱ्यांसाठी मात्र आपला देश अद्याप फारसा तयार नाही. युरोपात वा न्यूझीलंडात निवृत्त जोडपी नौका विकत घेऊन वर्षानुवर्षे तीवर राहतात. बंदराबंदरांतून त्यांच्यासाठी नांगरवाडे, नळाचे पाणी, विजेची जोडणी असते. आपल्याकडे कोचीच्या बोळगट्टी बेटावर तसा धक्का आहे; इतरत्र बहुतेक ठिकाणी कोळ्यांच्या मचव्यांत जागा मागून नांगर टाकावा लागतो, आणि पावसाळ्याचे चार महिने नौका कोठे ठेवायची हा मोठा प्रश्न असतो. पश्चिम किनाऱ्यावर मच्छीमार बंदरे पुष्कळ आहेत, पण शिडाच्या नौकेने रात्री निर्धास्त विसावावे अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. दिवाडीसारख्या बेटावर उत्तम नौका बनतात आणि बाहेर पडतात. त्यांना परत येऊन राहायला जागा नाही, ही विसंगती सरकारी दप्तरांत कोणाच्या तरी ध्यानात यावी अशी आमची इच्छा आहे.

मुलांना पाठवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी एवढेच. नववे-दहावे वर्ष आरंभासाठी चांगले. पोहणे आधी पक्के शिकवावे, आणि ते विहिरीत वा तलावात, उथळ तरणतलावात नव्हे. जीवरक्षक जाकीट न घालता मूल नौकेत बसवणाऱ्या शिक्षकाकडून मूल तत्काळ काढून घ्यावे. चष्मा असल्यास त्याला दोरी बांधावी. दोन जोड जुने कपडे, डोक्यास टोपी, नाकास मलम आणि सुती नव्हे तर पटकन वाळणारी विजार द्यावी. पहिल्या आठवड्यात मूल हातांना दोराचे फोड घेऊन घरी येईल. त्यावर कोमट मिठाच्या पाण्याचा शेक द्यावा आणि फोड फोडू नयेत. गोव्यातील वर्ग पावसाळा संपल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास सुरू होतात.